तीन रेझिनची एक घटका

[दृश्य: घंगाळातलं स्थिर पाणी. त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वरून.]

वाटीच्या बुडाला एक भोक आहे, दाभणाच्या टोकाएवढं. आत नीट बघा. मधोमध पाण्याचा एक बारीक फुगवटा हलतोय. तिथून पाणी आत येतंय. वाटी भरायला चोवीस मिनिटं लागतात. भरली की बुडते. बुडली की एक घटका झाली.

[दृश्य: मोबाइलचा पडदा, अगदी जवळून. कोपऱ्यातला आकडा: १९६/२००.]

हेही भरतंय. इथे पाणी नाही, भोक नाही, नुसता आकडा आहे. दर आठ मिनिटांनी एकाने वाढतो.

[दृश्य: पडद्यावर १९७. मागे कुकरची शिट्टी.]

फोन माझ्या भाच्याचा. खेळाचं नाव गेनशिन इम्पॅक्ट. २८ सप्टेंबर २०२० ला आलेला, मिहोयो या चिनी कंपनीचा. यात राक्षसाशी लढायला कुणी अडवत नाही, पण लढाई जिंकल्यावर बक्षिसाची पेटी उघडायची तर रेझिन, म्हणजे कोपऱ्यातल्या त्या आकड्यातली शक्ती, मोजावं लागतं. साध्या गुहेला २०, मोठ्या राक्षसाला ४०. संपलं की थांबायचं. एक रेझिन परत यायला आठ मिनिटं, २० यायला दोन तास चाळीस मिनिटं.

चार वर्षं हा हिशोब डोक्यात ठेवला की माणसाचं काय होतं, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

[दृश्य: गॅसवर चहा. भाचा ओट्याला टेकून.]

"मामा, चहा अर्ध्या रेझिनमध्ये होईल." भाताचा कुकर दोन रेझिनच्या जरा आत. रात्री लावलेलं विरजण साठ रेझिनचं, म्हणजे आठ तास. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबई पावणेचोवीस रेझिन, गाडी वेळेवर असेल तर. वीज गेली की वायरमन किती मिनिटांत येणार हे तो विचारत नाही. किती रेझिन वाया जाणार, ते सांगतो.

असली मापं काढणारा हा पहिला नाही. १९५८ साली अमेरिकेत एमआयटीच्या पोरांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या आपल्याच एका सोबत्याला पुलावर आडवा पाडून पाडून अख्खा पूल मोजला. लांबी भरली ३६४.४ स्मूट, वर एक कान. हा स्मूट पुढे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा अध्यक्ष झाला. हे मी रचून सांगत नाहीये.

[दृश्य: आई खुर्चीत, शेंगा सोलताना.]

आमच्या फिल्मचं बी मात्र पुलावर पडलं नाही, या खुर्चीपाशी पडलं. आई त्याला म्हणाली, "अरे, आलास तसा चाललास? घटकाभर बस की."

"आजी, घटकाभर म्हणजे किती?"

"घटका म्हणजे घटका. चोवीस मिनिटं."

[दृश्य: भाच्याचा चेहरा. निवेदन नाही.]

चोवीस भागिले आठ. बरोबर तीन, वर काही उरत नाही. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळ २४ सेकंदांचं. म्हणजे एका रेझिनमध्ये २० पळं. याच कंपनीचा दुसरा खेळ आहे, होंकाई स्टार रेल. तिथे शक्तीचा एक ठिपका सहा मिनिटांत भरतो, चार ठिपक्यांची घटका. त्याचा कप्पा काही काळ २४० चा होता, म्हणजे साठ घटका, एक अहोरात्र. खेळ बनवणाऱ्यांनी पंचांग उघडलं असेल असं मला वाटत नाही. दिवसाला सारखे भाग पाडायला बसलं की माणसं फिरून त्याच आकड्यांवर येतात.

पण घटका मोजायची कशात? आमच्याकडे घटिकापात्र नव्हतं. आईच्या लग्नात होतं, भटजींनी आणलेलं. म्हणून आम्ही ते करून घ्यायला गेलो.

[दृश्य: कसबा पेठ. गल्लीचं तोंड. ठोक्यांचा आवाज आधी, माणसं नंतर.]

ही तांबट आळी. पत्ता विचारावा लागत नाही, कान पुढे करायचा. एका घरातून जाड आवाज येतो, तिथे पिंपाएवढं काही घडतंय. पलीकडून बारीक, टणटणीत. तो मठारकामाचा.

[दृश्य: तांब्याचा गोल पत्रा. भट्टी. चिमट्यात धरलेली लाल चकती.]

पत्रा आधी तापवून लाल करतात. तांबं तापलं की मऊ पडतं आणि ठोकलं की कडक होतं. म्हणून तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. तांबट काका चकती खळग्यावर धरतात आणि कडेकडेने ठोके घालत फिरवतात. हाताकडे बघा. हातोडा एकाच जागी पडतोय, फिरतोय तो पत्रा. दहाव्या फेरीला ताटली होते, विसाव्या फेरीला वाटी.

[दृश्य: मठारताना अगदी जवळून. प्रत्येक ठोक्याला एक चकचकीत ठिकरी उमटते.]

हे मठारणं. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. एका ठोक्याला एक पैलू, शेजारी दुसरा, ओळ चुकू द्यायची नाही. दिसायला नक्षी वाटते, पण त्याने वाटीला ताकद येते. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय.

[चाळीस सेकंद फक्त ठोके.]

आता भोक. काका दाभण लावतात, एक टोला मारतात. वाटी पाण्यावर. भाच्याने फोनवर घड्याळ लावलं. आळीतली चार पोरं जमली.

[दृश्य: पाण्यावर वाटी. पोरांची डोकी.]

तीस मिनिटं, दहा सेकंद.

"काका, ही तर कँडी क्रशची लाइफ झाली!"

हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: २०१२ मध्ये आलेल्या त्या खेळात पाच लाइफ मिळतात आणि गेलेली एक लाइफ तीस मिनिटांत परत येते. तेव्हा फेसबुकवर सगळ्या आत्या-मावश्या एकमेकींना लाइफ मागत होत्या. काहीजणी फोनची तारीख पुढे ढकलून वाट पाहणं टाळायच्या. पाण्याच्या वाटीत असली लबाडी चालत नाही.

काकांना लाइफ वगैरे काही नको होतं. ते एवढंच म्हणाले, "भोक मोठं करता येतं, लहान नाही करता येत. म्हणून आधी बारीकच पाडायचं." मग दाभणाचं टोक जरासं फिरवलं. सव्वीस मिनिटं. पुन्हा फिरवलं.

[दृश्य: वाटीची कड पाण्याला टेकते. पाणी कडेवरून आत वळतं. वाटी तिरपी होते. बुडते.]

चोवीस मिनिटं, पाच सेकंद. काका उठून चहाला गेले.

इथे काम संपलं होतं. पण भाच्याला दुसरी वाटी हवी होती, आठ मिनिटांत बुडणारी. रेझिनपात्र. त्याचं गणित सुरू झालं. वेळ एक तृतीयांश हवी तर भोकाचं क्षेत्रफळ तिप्पट, म्हणजे व्यास तीनच्या वर्गमुळाने वाढवायचा, पावणेदोन पटीला थोडा कमी. फोनवर मिलिमीटरचे अपूर्णांक दिसायला लागले.

[दृश्य: काका चहाचा कप ठेवतात.]

"एवढं कशाला? वाटी तीच, दाभण तोच. एकाच्या जागी तीन भोकं पाड की."

[दृश्य: भाचा. मग पोरं. मग पुन्हा भाचा.]

तशीच दुसरी वाटी झाली, बुडाला तीन भोकं त्रिकोणात. पहिल्या खेपेला सात मिनिटं, पन्नास सेकंद. दुसऱ्या दिवशी घरी, सकाळच्या गार पाण्यात, आठ मिनिटं चार सेकंद. गार पाणी जरा दाट असतं, भोकातून सावकाश जातं. घटिकापात्राचा हा जुनाच स्वभाव आहे.

[दृश्य: दोन्ही वाट्या एकाच घंगाळात. शेजारी फोन.]

आता दोन्ही शेजारी बघा. वाटी भरली की बुडते, सगळ्या घराला दिसते. कुणीतरी उठतं, रिकामी करतं, पुन्हा सोडतं. फोनमधला कप्पा भरला की काहीच होत नाही. आकडा फक्त थांबतो आणि पुढचं वाया जातं. सुरुवातीला हा कप्पा १२० चा होता, सोळा तासांचा, म्हणजे चाळीस घटका. नोव्हेंबर २०२० मध्ये १६० झाला. तो एकवीस तास वीस मिनिटांत भरतो. म्हणजे रोज ठरल्या वेळी एकदाच खेळायला येणाऱ्याचे २० रेझिन सांडायचे, एका गुहेचे. जून २०२४ मध्ये कप्पा २०० चा केला, सव्वीस तास चाळीस मिनिटांचा, तेव्हा कुठे एका दिवसाचं पाणी एका भांड्यात मावलं. भाच्याच्या दहावीच्या वर्षी घरात पहाटेचे गजर कशासाठी वाजायचे, यावर ताई, म्हणजे त्याची आई, कॅमेऱ्यासमोर बोलली नाही.

[दृश्य: आईचं घर. खिडकीजवळ टेबल. तांब्याची छोटी वाटी, स्टीलचं पातेलं, डोळ्यांच्या औषधाच्या दोन बाटल्या.]

चोवीस मिनिटांची वाटी माझ्या कपाटात आहे. आठ मिनिटांची आईने ठेवून घेतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांत दोन वेगवेगळे थेंब घालायचे, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा, डॉक्टरांनी निदान पाच मिनिटं सांगितलीत. घड्याळाचे काटे सध्या तिला नीट दिसत नाहीत. वाटी बुडाली की पातेल्याच्या तळाला ठण्ण वाजते, ते ऐकू येतं.

[दृश्य: आई मान मागे करून बसलेली. भाच्याच्या हातात पहिली बाटली. एक थेंब. तो वाटी पाण्यावर सोडतो.]

[दृश्य: वाटी. खिडकीतून येणारं ऊन पाण्यावर. संवाद मूळ ध्वनीत:]

"झालं का रे एक रेझिन?"

"नाही आजी. अजून पाच-सात पळं."

[ठण्ण.]