पावसाळ्यात टिकणारा लॉग-पिरिऑडिक अँटेना

नमस्कार मंडळी. आजचा विषय एकाच अँटेनाचा आहे: 118 ते 470 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा एका केबलवर देणारा, एका दिशेला जास्त ऐकणारा आणि गच्चीवर चार-पाच पावसाळे काढणारा. विमानांचा संपर्क, दोन मीटर तरंगलांबीचा हौशी रेडिओचा पट्टा, वॉकीटॉकी, 434 ते 438 मधला हौशी पट्टा, सगळं यात येतं. माझं म्हणणं पहिल्यालाच सांगून ठेवतो. या अँटेनाचं गणित साठ वर्षांपूर्वीच नीट सुटलेलं आहे. गच्चीवरचे अँटेना मरतात ते सांधे, पाणी आणि केबल यांमुळे. म्हणून गणित लवकर आटपू आणि उरलेला वेळ या तिघांना देऊ.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1950च्या दशकात व्हिक्टर रम्सी यांनी एक विचार मांडला. अँटेनाचा आकार लांबीवर अवलंबून न ठेवता कोनांवर ठेवला, तर वारंवारता बदलली तरी त्याचं वागणं बदलू नये. ड्युहॅमेल आणि आयझबेल यांनी त्यातून लॉग-पिरिऑडिक रचना काढली, आयझबेल यांनी तिला साध्या डायपोलांच्या (दोन अर्ध्या दांड्यांच्या अँटेनांच्या) रांगेचं रूप दिलं आणि रॉबर्ट कॅरेल यांनी 1961मध्ये तिचं आकडेमोडीचं शास्त्र पक्कं केलं. तेच शास्त्र आजही वापरतात. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरची सौर रेडिओ दुर्बीण अशाच अँटेनांची आहे. ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्का-लो दुर्बिणीत 50 ते 350 मेगाहर्ट्झसाठी 1,31,072 लॉग-पिरिऑडिक अँटेना बसणार आहेत. त्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे.

रचना अशी. प्रत्येक डायपोल मागच्याच्या ठरावीक पटीत लहान असतो. या पटीला टाऊ म्हणतात. दोन डायपोलांमधलं अंतरही त्याच पटीत कमी होत जातं आणि ते सिग्मा ठरवतो: अंतर भागिले मागच्या डायपोलच्या लांबीची दुप्पट. आपण टाऊ 0.9 आणि सिग्मा 0.06 घेऊ. 118 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 254 सेंटिमीटर, म्हणजे सर्वांत मागचा डायपोल तिच्या निम्मा, 127 सेंटिमीटरचा. पुढचे 114.3, 102.9, 92.6 असे उतरत जातात. पहिलं अंतर 15.2 सेंटिमीटर, मग 13.7, मग 12.3. एकूण 17 डायपोल लागतात. शेवटचा साडेतेवीस सेंटिमीटरचा असतो आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत लांबी 124 सेंटिमीटर होते.

शेवटचा डायपोल 470च्या हिशेबाने फारच लहान आहे, असं वाटेल. तो मुद्दाम तसा आहे. कोणत्याही एका वारंवारतेला चार-पाच डायपोलच खरं काम करतात, आणि त्यातले काही अर्ध्या तरंगलांबीहून आखूड असावे लागतात. वरच्या टोकाला ते ठेवले नाहीत, तर 400च्या पुढे अँटेना पुढेमागे सारखाच ऐकू लागतो. पैसे वाचवायला पुढचे तीन-चार डायपोल गाळलेला नमुना बाजारात दिसतो. त्याच्या माहितीपत्रकावरचा वरचा आकडा धरून चालू नका.

लाभ, म्हणजे सर्व दिशांना सारखं ऐकणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा होणारी वाढ, साडेसहा ते सात डीबीआयच्या (त्या तुलनेतल्या डेसिबलच्या) आसपास मिळेल. कॅरेल यांच्या मूळ आलेखांवरून याहून जास्त आकडा निघतो, पण त्या आलेखांत चूक होती आणि ती नंतर दुरुस्त झाली. जुने आलेख छापणारी पुस्तकं अजून फिरतात, तेव्हा त्यांतून दीड डीबीपर्यंत वजा करायची सवय ठेवा. एवढ्याच लांबीच्या बूमवर, म्हणजे मधल्या आधारदांड्यावर, फक्त 435साठी यागी हा अरुंद पट्ट्याचा अँटेना बांधला, तर तो बाराच्या आसपास जाईल. रुंद पट्ट्याची ही किंमत आहे. एकच वारंवारता हवी असेल, तर यागीच बांधा, हे मी मनापासून सांगतो.

आता बांधणी. 20 बाय 20 मिलिमीटरच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या दोन चौकोनी अ‍ॅल्युमिनियम नळ्या एकावर एक, मध्ये आठ ते नऊ मिलिमीटर फट. या दोन नळ्या म्हणजेच दोन्ही बूम, आणि त्याच फीड लाइन, म्हणजे डायपोलांचा सिग्नल वाहून नेणारी जोडी. या फटीत तिचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) 75 ओहमच्या जवळ येतो आणि डायपोलांचा भार पडल्यावर पुढच्या टोकाला 50च्या आसपास दिसतो. फट दोन मिलिमीटरने चुकली, की व्हीएसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो याचं माप, 1 सर्वांत उत्तम) सगळ्या पट्ट्यावर वर सरकतो. म्हणून फट राखणारे तुकडे महत्त्वाचे. अ‍ॅक्रिलिक तडकतं, पांढरं नायलॉन पाणी शोषतं आणि उन्हात ठिसूळ होतं. काळं डेलरिन किंवा टेफ्लॉन घ्या आणि चार ठिकाणी लावा.

प्रत्येक डायपोलचा एक अर्धा वरच्या बूमवर, दुसरा खालच्या. पहिल्याचा वरचा अर्धा डावीकडे असेल तर दुसऱ्याचा वरचा अर्धा उजवीकडे, तिसऱ्याचा पुन्हा डावीकडे. ही अदलाबदल एका ठिकाणी जरी चुकली, तरी अँटेना बाहेरून अगदी बरोबर दिसतो आणि पट्ट्याच्या एका भागात मागच्या दिशेला ऐकतो. जोडणी झाल्यावर मागून पुढे बोट ठेवत मोजा. लांबी बूमच्या मध्यरेषेपासून धरायची, बाहेरच्या कडेपासून नव्हे.

एलिमेंटसाठी, म्हणजे डायपोलांच्या दांड्यांसाठी, मागे 10 मिलिमीटरची नळी, पुढे सहा किंवा आठची. बसवायची पद्धत मात्र नीट ऐका. दोन मिलिमीटरच्या भिंतीत एम4चे आटे पाडले, तर जेमतेम तीन आटे पकडतात. वाऱ्याने एलिमेंट थरथरतो, कावळे बसतात, आटे झिजतात, आणि सहा महिन्यांत सांधा वेळेला जोडलेला, वेळेला तुटलेला होतो. त्याचा परिणाम रिसीव्हरमध्ये खरखर म्हणून दिसतो आणि माणूस रिसीव्हर उघडून बसतो. त्यापेक्षा बूमच्या दोन्ही बाजूच्या भिंतींना आरपार भोक पाडा, नळी पूर्ण रुंदीतून जाऊ द्या आणि वरून स्टेनलेस स्क्रूने अडकवा. दोन भिंतींचा आधार मिळाला, की थरथर सांध्यापर्यंत पोचत नाही. नळीत आतून जाड दोरीचा तुकडा सैल सोडला, तर वाऱ्याचा गुणगुणाटही थांबतो.

अशी आरपार नळी आली, की त्या बूमच्या पोटातून केबल जाणार नाही. हरकत नाही. केबल मागून येऊ द्या आणि खालच्या बूमच्या खालच्या अंगाला चिकटवून पुढे न्या. विद्युतक्षेत्र मुख्यतः दोन बूमच्या मधल्या फटीत असतं, त्यामुळे बाहेरच्या अंगाला ते फारसं नसतं. पुढच्या टोकाला केबलची जाळी खालच्या बूमला, मधली तार वरच्या बूमला. वेगळा बालन (केबल आणि अँटेना जुळवणारा भाग) लागत नाही, ही या रचनेची मोठी सोय आहे. मागच्या टोकाला, सर्वांत मागच्या, लांब डायपोलच्या 20 ते 30 सेंटिमीटर मागे, दोन्ही बूम अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने शॉर्ट करा. पट्टी असल्याने सगळा अँटेना एकाच डीसी पातळीवर राहतो आणि ढगाळ हवेतला स्थिर भार रिसीव्हरमध्ये न जाता मास्टमधून, म्हणजे अँटेनाच्या खांबातून, जमिनीत उतरतो. थेट वीज पडली तर त्यातून संरक्षण नाही. त्यासाठी केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) आणि आखूड, सरळ अर्थिंग हवंच.

क्लॅम्प या पट्टीच्या मागेच लावायचा. या पट्ट्यातली बहुतेक वाहतूक उभ्या ध्रुवीकरणाची (लहरीचं विद्युतक्षेत्र उभं) असते, म्हणजे एलिमेंटही उभे. अशा वेळी लोखंडी मास्ट बूमच्या मध्यावर धरला, तर तो एलिमेंटांच्या रांगेत आणखी एक लांब एलिमेंट होऊन बसतो आणि दिशादर्शकता बिघडवतो. आडवं ध्रुवीकरण असेल तरच मध्यावर धरा, पण तेव्हाही क्लॅम्पने दोन बूम एकमेकांना चिकटता कामा नयेत.

वाऱ्याचा हिशेब करू. अँटेनाचं वजन जेमतेम अडीच किलो असतं, म्हणून लोक निष्काळजी राहतात. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, पुण्यासाठी 39. 44ला दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे 1160 न्यूटन. वारा बाजूने आला तर एलिमेंट आणि बूम मिळून या अँटेनावर 300 न्यूटनच्या आसपास, म्हणजे 30 किलोचा रेटा बसतो. सहा मीटर उंच दीड इंची जीआय पाइप फक्त बुडाशी धरला, तर तिथे वाकवणारा ताण साध्या पोलादाच्या मर्यादेच्या दीडपट होतो, आणि पाइपवरचा स्वतःचा वारा यात धरलेलाच नाही. तो पाइप वाकणार. तीन दिशांना गाय-वायर (ताणून बांधलेल्या तारा) द्या किंवा उंची तीन मीटरवर आणा.

आता धातू आणि पाणी. अ‍ॅल्युमिनियमला तांबं किंवा पितळ थेट लावू नका. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई, जिथे हवेत मीठ आहे, तिथे पहिल्याच पावसाळ्यात त्या सांध्यात पांढरी पूड दिसते. केबलच्या टोकांना कलई केलेले लग लावा, लग आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात स्टेनलेस वॉशर, आणि प्रत्येक सांध्यावर जस्ताची पूड असलेली पेस्ट. आतल्या जिल्ह्यांत 304 स्टेनलेस पुरतं, किनाऱ्यावर 316 घ्या. बूमच्या टोकांना बुचं बसवा, पण खालच्या अंगाला तीन मिलिमीटरची भोकं ठेवा. पूर्ण बंद नळीत दिवसा गरम हवा बाहेर जाते, रात्री ओलसर हवा आत ओढली जाते आणि पाणी साचत राहतं.

केबलमध्ये पाणी शिरणं हा सर्वांत वाईट बिघाड, कारण तो दिसत नाही. जाळीतून पाणी वातीसारखं कित्येक मीटर सरकतं आणि मग नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. एन-कनेक्टर वापरा, त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा म्हणजे थर पाणी बाहेर टाकतील, आणि वर साधी काळी विनाइल टेप. नुसती विनाइल टेप दोन उन्हाळ्यांत सुटते. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब तिथेच गळतील.

केबलची निवड तर अँटेनापेक्षा जास्त फरक करते. 450 मेगाहर्ट्झला आरजी-58 ही बारीक केबल वीस मीटरमध्ये सात डीबीच्या आसपास खाते. म्हणजे इतकी मेहनत करून मिळवलेला लाभ जिन्यातच संपला. एलएमआर-400 तेवढ्याच लांबीत दोन डीबीच्या आत राहते. फक्त ऐकायचं असेल, तर टीव्हीची आरजी-6 उत्तम पर्याय आहे. ती 75 ओहमची आहे खरी, पण त्या विजोडपणाने होणारं नुकसान डीबीचा पाचवा हिस्साही नाही आणि तोटा आरजी-58च्या निम्म्याहून कमी. प्रक्षेपण करणार असाल, तर 50 ओहमचीच केबल हवी आणि परवाना हवा.

इथे एक फसवणूक होते. नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र खोलीत ठेवून आरजी-58च्या टोकाशी मोजलं, की व्हीएसडब्ल्यूआर दीड दिसतो आणि सगळे खूश होतात. सात डीबी खाणाऱ्या केबलचं दुसरं टोक नुसतं उघडं सोडलं, तरी दीडच दिसेल. कारण गेलेली ऊर्जा परत येईपर्यंत दोनदा खाल्ली जाते. मोजायचं ते अँटेनाच्या टोकाशी, एक मीटर केबलवर. सबंध पट्ट्यात दोनच्या खाली राहिला, तर समाधान माना. एखाद्या ठिकाणी सुईसारखं टोक वर आलं, तर तिथल्या लांबीच्या डायपोलचा स्क्रू आणि त्याची अदलाबदल तपासा.

ऐकताना शहरात दुसरी अडचण येते. अँटेना 118पासून खाली अचानक बहिरा होत नाही, आणि 88 ते 108 मध्ये एफएमची केंद्रं किलोवॅटांनी ओरडत असतात. समजा, जवळ 91.1 आणि 104.8 अशी दोन केंद्रं आहेत. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी भरला, की 104.8ची दुप्पट वजा 91.1, म्हणजे 118.5 मेगाहर्ट्झवर, विमानपट्ट्यात, नसलेला सिग्नल उमटतो. उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी एफएम रोखणारा फिल्टर. नंतर लावून उपयोग नाही. आणि परीक्षा सोपी आहे: अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी 10 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) घाला. खरा सिग्नल 10 डीबीने उतरेल, असा खोटा 30ने कोसळेल.

शेवटी दिशा शोधण्याबद्दल. एलिमेंट उभे असताना आडव्या प्रतलात या अँटेनाचा ऐकण्याचा कोन शंभर अंशांहून रुंद असतो, त्यामुळे सिग्नल सर्वांत जोरात कुठे आहे ते नुसतं फिरवून नीट कळत नाही. पातळी सहा डीबीने उतरते ती डावी आणि उजवी बाजू कंपासवर टिपा आणि मधोमध रेषा काढा. तरी दहा अंशांची चूक धरून चला. पाच किलोमीटरवर ती जवळपास नऊशे मीटर होते. म्हणून तीन जागांवरून रेषा घ्या, त्या शक्यतो काटकोनात छेदतील अशा निवडा, आणि समोर मोठी इमारत किंवा डोंगरकडा असेल ती जागा सोडा, कारण तिथे परावर्तित सिग्नल मुळापेक्षा जोरात असू शकतो. छेद सापडला, की हा अँटेना तिथे काम करेनासा होतो, कारण सिग्नल इतका दांडगा असतो की तो केबलमधून आणि रिसीव्हरच्या डब्यातूनच शिरतो. तिथून पुढचं अंतर हातातल्या लहान लूपने, अटेन्युएटर वाढवत वाढवत, पायी शोधायचं.