वचन कुठे तोडलंय ते बघा

आज घेतलेल्या चार गाण्यांपैकी (‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’, ‘टर्न! टर्न! टर्न!’, ‘४०’ आणि ‘हालेलूया’) एकही चर्चमध्ये गायला म्हणून लिहिलेलं नाही. तरी चारही बायबलमधून उचललेली आहेत आणि यूथ फेलोशिपमध्ये, म्हणजे चर्चच्या तरुण मंडळींच्या गटात, ‘आपली’ म्हणून वाजतात. त्याला माझी हरकत नाही, हरकत आहे ती घाईला. गाण्यात दावीद राजा दिसला, सियोन (यरुशलेमची पवित्र टेकडी) ऐकू आलं की ख्रिस्ती अर्थ सापडलाच असं आपण धरून चालतो.

कामाची रीत साधी आहे. ज्या रेकॉर्डिंगवर बोलायचं, त्याचेच शब्द ऐकून कागदावर उतरवा. बायबलमधला वाटेल तो शब्द अधोरेखित करा, शब्दसूचीत (बायबलमधला शब्द कुठेकुठे येतो ते सांगणाऱ्या यादीत) शोधा आणि सापडलेला अख्खा अध्याय वाचा. मग बघा: कवीने सुरुवात कुठे केली, थांबला कुठे, काय गाळलं आणि पदरचं काय घातलं. इंग्रजी गाण्याला किंग जेम्स हे बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर हाताशी हवं. नुसत्या मराठी बायबलवर ताडलं तर बरेच धागे सुटतात. शब्दसूचीवरही फार विसंबू नका. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांत वळण संतांचं आणि आशय ख्रिस्ताचा. तिथे शब्दसूची फारशी कामाला येत नाही.

आता ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’. आपण ते बोनी एम या डिस्को गटाच्या १९७८च्या रेकॉर्डवरून ओळखतो, पण मूळ गाणं १९७०चं, जमैकातल्या मेलोडियन्स या गायकगटाचं. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र १३७ मध्ये नऊ वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं) आहेत. गाण्याने पहिलं, तिसरं आणि चौथं घेतलं: नदीकाठचं रडणं, पकडून नेणाऱ्यांनी गाणं म्हणायला लावणं, परक्या देशात प्रभूचं गीत कसं गावं हा प्रश्न. पाचव्यापासून पुढचं सगळं गेलं. नवव्या वचनात बाबेलची (म्हणजे बॅबिलॉनची) तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ते डिस्कोत कोण नाचवणार? त्या जागी स्तोत्र १९चं चौदावं वचन जोडलं: माझ्या तोंडचे शब्द, माझ्या मनचं चिंतन तुला मान्य होवो. त्या वचनाचा शेवट ‘माझ्या दुर्गा (म्हणजे किल्ल्या), माझ्या उद्धारका’ असा आहे. बोनी एमच्या गाण्यात तिथे येतं ‘इथे, आज रात्री’. उद्धारकाच्या जागी आजची रात्र! मूळ जमैकन गाण्यात ‘प्रभूचं गीत’ नव्हतं, ‘किंग अल्फाचं गीत’ होतं. रास्ताफारी या जमैकातल्या पंथाच्या मंडळींच्या लेखी किंग अल्फा म्हणजे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी, सियोन म्हणजे आफ्रिका आणि बाबेल म्हणजे त्यांना गुलाम करणारी व्यवस्था. चर्चला तो अर्थ पटणार नाही, पण त्यामागे श्रद्धा ठाम आहे. बोनी एमने शब्द चर्चच्या जवळ आणले आणि आशय पातळ केला, असं माझं मत.

‘टर्न! टर्न! टर्न!’ झटकन उरकू. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली पहिली आठ वचनं अमेरिकन लोकगायक पीट सीगरने क्रम थोडा हलवून घेतली, बर्ड्स या बँडने १९६५ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेली. सीगरची भर शेवटी येते: शांतीची वेळ अजून टळलेली नाही. नववं वचन विचारतं की एवढे कष्ट करून माणसाला लाभ काय. ते गाण्यात नाही. गाणं शांततेचं आहे. त्यात ख्रिस्त ओढून आणू नये.

यू टू या आयरिश बँडचं ‘४०’ मात्र थांबून ऐकण्यासारखं. १९८३च्या ‘वॉर’ या अल्बमचं हे शेवटचं गाणं. स्तोत्र ४०च्या पहिल्या तीन वचनांतून कडवी आली: वाट पाहिली, चिखलातून वर काढलं, नवं गीत दिलं. ध्रुवपदातलं ‘कोठवर’ त्या स्तोत्रात नाही. ते स्तोत्र ६च्या तिसऱ्या वचनातलं. जोड उपरी वाटते, पण स्तोत्र ४० शेवटपर्यंत वाचा. बाराव्या वचनापासून गाणारा पुन्हा संकटात आहे आणि अखेर ‘विलंब लावू नको’ अशी विनवणी करतो. उसना घेतलेला शब्द गाळलेल्या अर्ध्याची भरपाई करतो. आणि खास ख्रिस्ती वाचन? नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या दहाव्या अध्यायात याच स्तोत्राची सहा ते आठ वचनं ख्रिस्ताच्या तोंडी आहेत. गाणं त्याआधीच थांबतं. म्हणजे तो अर्थ आपण पत्रातून आणतो, गाणं तो सांगत नाही. आणायला हरकत नाही, पण कुठून आणला ते सांगा.

शेवटचं ‘हालेलूया’, लेनर्ड कोहेनचं, १९८४चं. पहिल्या कडव्यात दावीदाची वीणा आहे. चौथा, पाचवा, मायनर खाली, मेजर वर असं शब्द सांगतात, तेव्हा सी मेजरमध्ये एफ, जी, ए मायनर, एफ हेच कॉर्ड वाजतात. दुसऱ्या कडव्यात दावीदाला गच्चीवरून दिसलेली बथशेबा आणि बलवान शमशोनाचे केस कापणारी दलीला एकाच बाईत मिसळल्या आहेत. बायबलमधल्या ‘शास्ते’ पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दलीला माणूस बोलावून त्याच्याकडून शमशोनाच्या सात बटा उतरवते. गाण्यात ‘ती’ स्वतः कापते. लोक हमखास फसतात ते कडव्यांत. कोहेनच्या १९८४च्या रेकॉर्डवर शेवटी माणूस गीताच्या प्रभूपुढे उभा राहतो. जेफ बकलीच्या १९९४च्या रेकॉर्डवर ते कडवं नाहीच. ते गाणं थंड, भंगलेल्या हालेलूयावर संपतं. नाताळच्या कार्यक्रमात क्वायरला हे द्यायचं असेल, तर कुठली कडवी घ्यायची ते सरावाआधी लिहून द्या आणि दुसरं कडवं लहान मुलांच्या तोंडी घालू नका.