नाखूना म्हणून काढलेला तुकडा

आरशासमोर उभे राहून खालची पापणी बोटाने थोडी खाली ओढलीत, की आत ओलसर गुलाबी पडदा दिसतो. हाच पडदा मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतो आणि तिथे इतका पारदर्शक होतो की तो आहे हेही कळत नाही. त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. डोळे येतात ते याच पडद्याला. त्यामुळे डोळा लाल झाला की तेच निदान आपण घरच्या घरी करून मोकळे होतो. मला आज याच पडद्यावर उठणाऱ्या गाठींविषयी बोलायचे आहे.

त्यांतला सर्वांत परिचयाचा नाखूना. इंदूरच्या मराठी घरांतही हाच शब्द रुळला आहे. नाकाकडच्या कोपऱ्यातून एक त्रिकोणी, मांसल पडदा हळूहळू बुबुळावर चढतो. सुश्रुतसंहितेत ‘अर्म’ या नावाने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि तो कापून काढण्याची रीतही दिली आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात तो अधिक आढळतो, कारण तिथे अतिनील किरणांचा मारा जास्त असतो. आपले इंदूर तर पावणेतेवीस अंशांवर आहे. ज्यांचा दिवस उन्हात जातो, त्यांना तो अधिक होतो.

अडचण अशी की, त्याच उन्हामुळे आणि बहुधा त्याच जागी, बुबुळाच्या काठाशी, कर्करोगाचीही सुरुवात होते. भिंगाखाली पाहिले तर त्याचा पृष्ठभाग जेलीसारखा, किंवा खडूची पूड चिकटल्यासारखा पांढरट दिसतो आणि एखादी जाड, नागमोडी रक्तवाहिनी थेट त्याच्यात शिरलेली असते. तरुण रुग्णात अशी गाठ दिसली तर आम्ही एचआयव्हीची तपासणीही करून घेतो.

साठीच्या एक काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा नाखूना अन्यत्र दोनदा काढून झाला होता आणि दोन्ही वेळा तो पुन्हा वाढला होता. काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल मागितला, तर तो कधी तपासलाच गेला नव्हता. मी तिसऱ्यांदा काढून तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवला आणि अहवाल कर्करोगाचा आला. मला याचे आजही वाईट वाटते, कारण पहिल्याच वेळी निदान झाले असते, तर भोवतीचा सुमारे ४ मिलिमीटर निरोगी पडदा घेऊन, उरलेल्या पेशी मराव्यात म्हणून कडा गोठवून काम भागले असते. काहींना तर मायटोमायसिन किंवा इंटरफेरॉन या औषधांचे थेंबही पुरतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तुकडा कुठे पाठवला, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा.

आपल्या सावळ्या वर्णात दोन्ही बुबुळांभोवती तपकिरी झाक असणे स्वाभाविक आहे. मात्र मोठ्या वयात एकाच डोळ्यात नवा तपकिरी डाग उमटला, किंवा लहानपणापासूनचा तीळ वाढू लागला, तर दाखवायला हवे. पापणीच्या घडीत दडलेली गुलाबी-केशरी, न दुखणारी सूज ही लिम्फोमाची, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाची, असू शकते. सर्वांत फसवा आहे पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग. एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो, पापणीचे केस झडतात आणि रुग्ण औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालत राहतो. त्या थेंबांनी लाली तेवढी दबते, आणि काचबिंदूची भीती वेगळीच.

त्या काकूंना मी अजून दर तीन महिन्यांनी बोलावतो आणि प्रत्येक वेळी वरची पापणी उलटून पाहतो.