आजीच्या पोटात घातलेली कडी

मंडळी, कॉलेजात कांद्याच्या मुळाची स्लाइड ज्यांनी केली असेल त्यांना आठवेल. मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनच्या थेंबात ठेवायचं, स्पिरिटच्या दिव्यावर जरासं धरायचं, मग कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. नशीब असेल तर एखाद्या पेशीत गुणसूत्रं मधोमध ओळीने उभी दिसतात. आपण ‘मध्यावस्था’ लिहितो आणि पुढच्या आकृतीकडे वळतो. मला आज त्या ओळीपाशीच थांबायचं आहे.

तिथल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही बाजूंनी तर्कुतंतू, म्हणजे पेशीतले बारीक दोर, त्यांना ओढत असतात. तरी त्या सुटत नाहीत, कारण त्यांच्याभोवती कोहेसिन या प्रथिनाच्या कड्या असतात. १९९७ साली किम नॅस्मिथ आणि डग्लस कोश्लंड यांच्या गटांनी हे प्रथिन यीस्टमध्ये शोधलं. कडी घट्ट आहे म्हणून ओढीला ताण येतो, आणि या ताणावरून पेशीला कळतं की दोन्ही दोर दोन दिशांना नीट बांधले गेलेत. ताण नसेल तर ऑरोरा-बी हे प्रथिन चुकीची गाठ सोडवतं आणि पुन्हा बांधायला लावतं. आपल्या पेशीतल्या ४६ गुणसूत्रांपैकी एकालाही दोर लागायचा राहिला असेल, तर मॅड-२ आणि त्याची सोबती प्रथिनं सगळं विभाजन अडवून धरतात. ओळ पूर्ण लागली की सेक्युरिन हे प्रथिन नष्ट होतं, त्याने रोखून धरलेलं सेपरेज हे कापणारं प्रथिन मोकळं होतं आणि कड्या कापतं. मग काही मिनिटांतच दोन्ही प्रती दोन टोकांना जातात.

कातडीच्या पेशीत ही कडी काही तास टिकली तरी भागतं. स्त्रीच्या बीजांडात मात्र ही कडी ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच घातली जाते, आणि पुढे तीस-चाळीस वर्षं तीच कडी पुरवायची असते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की बीजांडात नवी कडी भरून येत नाही आणि वयाबरोबर कड्या कमी होत जातात. बीजांडात गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात तर दोनदा वाटणी होते. पहिल्या वेळी बाहूंवरच्या कड्या कापायच्या, पण गुणसूत्रबिंदूजवळच्या, म्हणजे जिथे दोर बांधले जातात तिथल्या, राखायच्या. ते काम करणाऱ्या प्रथिनाला जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘शुगोशिन’ नाव दिलं, म्हणजे रक्षण करणारा देव. कोकणातला माणूस त्याला सरळ राखणदार म्हणेल.

कड्या विरळ झाल्या की एखादं गुणसूत्र भलत्या बाजूला जातं. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त झाली की डाऊन सिंड्रोम होतो. हे जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. अशा बाळांमध्ये ती जादा प्रत बहुतेक वेळा बीजांडातूनच आलेली असते.

म्हणूनच आपल्याकडे आईला जे ऐकवलं जातं त्याचा मला फार त्रास होतो. ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस का? पोटुशी असताना काय खाल्लंस? एक बाई माझ्यासमोर बसून हेच विचारत होती, हातात बाळाच्या रिपोर्टची घडी. मी कागदावर दोन रेघा काढल्या आणि त्यांच्याभोवती एक गोल. म्हटलं, “ताई, ही कडी घातली गेली तेव्हा तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात. आणि हे बीजांड ग्रहणाच्या आधीच, गर्भ राहण्यापूर्वीच चुकलं होतं.”

बराच वेळ ती त्या गोलाकडे बघत राहिली. मग शेजारी बसलेल्या सासूबाईंपुढे तिने तो कागद सरकवला.