चव्वेचाळीस अंशांवरची रेषा

तळहातावर ठेवलेला हा चंदेरी खडा बघता बघता ओघळू लागला आहे. हा गॅलियम धातू असून तो सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे हाताची ऊबही त्याला पुरते. शेजारी निकेलचे तुकडे आणि मँगॅनीजच्या करड्या, ठिसूळ कपच्या आहेत. या तिघांचा मिश्रधातू चुंबकीय क्षेत्रात आपली लांबी बदलतो. ज्या कुळात तो मोडतो, त्याचा पाया जर्मनीतील फ्रिडरिश हॉइसलर यांच्या १९०३ सालच्या शोधाने घातला. तांबे, मँगॅनीज आणि अ‍ॅल्युमिनियम यांतला एकही धातू लोखंडासारखा चुंबकाकडे ओढला जात नाही, पण हॉइसलर यांनी त्यांचा केलेला मिश्रधातू ओढला जात होता.

भट्टीतली हवा काढून तिथे आर्गॉन वायू भरला आहे आणि विजेच्या प्रखर ज्योतीखाली तिन्ही धातू एकजीव होत आहेत. मँगॅनीजचा काही अंश या उष्णतेत वाफ होऊन निघून जातो, म्हणून तो मुळातच थोडा जास्त घ्यावा लागतो. थंड झालेला गोळा उलटा करून पुन्हा वितळवायचा, आणि हे अनेकदा करायचे. त्यानंतर तो क्वार्ट्झच्या निर्वात नळीत बंद करून कित्येक दिवस तापत ठेवायचा, कारण अणू आपापल्या जागी बसायला वेळ घेतात आणि त्या बाबतीत घाई चालत नाही.

आता अकीकाच्या खलात त्याची भुकटी होत आहे. या टप्प्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. बत्त्याच्या प्रत्येक घर्षणाने कणांच्या आत ताण साठतो, आणि ती भुकटी तशीच क्ष-किरणांसमोर ठेवली, तर थंडीत दिसायला हवी ती रचना खोलीच्या तापमानालाच दिसू लागते. मापन अचूक असते, पण ते घोटण्याच्या परिणामाचे असते. म्हणून भुकटी पुन्हा तापवून तिच्यातला ताण घालवावा लागतो. माझ्या मते प्रयोगाचा खरेपणा यंत्राइतकाच या खलापाशी ठरतो.

तांब्याचे लक्ष्य असलेल्या नळीतून निघणारे क्ष-किरण नमुन्यावर पडत आहेत. पडद्यावर ४४ अंशांच्या कोनाजवळ (हे तापमान नव्हे, किरण वळण्याचा कोन) उभी राहिलेली उंच रेषा सांगते की अणूंची जाळी सर्व बाजूंनी सारखी, म्हणजे घनाकार आहे. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. द्रवरूप नायट्रोजनने नमुना थंड होत जातो आणि दोन भाग निकेल, एक भाग मँगॅनीज, एक भाग गॅलियम या प्रमाणात शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअसजवळ ती रेषा खचू लागते. तिच्या दोन्ही बाजूंना नव्या रेषा उगवतात. अणूंनी शेजार सोडलेला नसतो, ते एकत्र किंचित सरकलेले असतात, आणि जाळीची एक बाजू आखूड झालेली असते. ही मार्टेनसाइट अवस्था होय.

मोठ्या रेषांच्या पायथ्याशी दिसणारे बारीक उंचवटे जाळीत पसरलेल्या लाटेची खूण आहेत. ते स्पष्ट दिसण्यासाठी सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने वर्तुळात फिरवून किरण निर्माण करणाऱ्या यंत्राचे, अतिप्रखर क्ष-किरण लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ हे सुमारे १७२ मीटर परिघाचे यंत्र तसे किरण पुरवते. या लाटेची लांबी मूळ जाळीच्या पूर्ण पटीत बसत नाही, हे अशाच मोजमापांतून दिसून आले.

थंड अवस्थेत स्फटिकात जुळे पट्टे, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांना लागून असलेले भाग, तयार होतात आणि चुंबकीय क्षेत्र लावले की त्यांच्या सीमा सरकतात. १९९६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत ही लांबीतील वाढ ०.२ टक्के मोजली गेली होती; पुढे योग्य प्रमाणाच्या स्फटिकांत ती १० टक्क्यांजवळ पोहोचली. सूक्ष्म हालचाल देणारी साधने आणि चुंबकीय शीतकरण, दोन्हींसाठी हे पदार्थ अभ्यासले जात आहेत.

नायट्रोजनचा प्रवाह आता बंद केला आहे. तापमान चढते आहे, पण रेषा ज्या तापमानाला दुभंगली त्याच तापमानाला ती सांधत नाही. त्याहून काही अंश वर गेल्यावर बाजूच्या रेषा विरतात आणि ४४ अंशांजवळ ती एकटी उभी राहते.