वाट पाहण्याचं काम

बंधुभगिनींनो, सलाम.

आगमनकाळ सुरू झालाय. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती मंडळी वाट पाहण्यासाठी राखून ठेवते, म्हणून पाळकसाहेबांनी मला विषय दिला, ‘देवाची वाट पाहणे’. मी लगेच हो म्हटलं. डिसेंबरात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वाट न पाहणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा ऊस अजून रानात उभा आहे? हात वर करा बरं. बघा, निम्मे हात वर झाले.

आडसाली उसाची लागण गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात झाली. म्हणजे सतरा महिने होत आले. खत घातलं, भरणी केली, रात्री लाईट येईल तेव्हा उठून पाणी पाजलं. आता ऊस तयार आहे आणि मालकाच्या हातात काही नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम, मग तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, मग तोडणाऱ्यांची टोळी. फोन केला की उत्तर येतं, ‘या आठवड्यात लागंल की नंबर.’ आठवडा जातो. उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. शेजारच्याच्या रानात कोयते चालू झालेले दिसतात. त्या वेळी पोटात जे कालवतं, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. देवाची वाट पाहणाऱ्याच्या पोटातही तेच कालवतं. लेकीचं लग्न जुळत नाही, पाळणा हलत नाही, कोर्टाची तारीख पुढं जाते, दवाखान्याचा रिपोर्ट येत नाही. आणि शेजारच्याचं सगळं होत असतं.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकरीच उदाहरणाला घेतलाय. तो भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. जुन्या करारात याच दोन पावसांना आपल्या मराठी भाषांतरकारांनी आगोटीचा आणि वळवाचा पाऊस म्हटलं. शब्द आपल्या ओळखीचे, पण क्रम उलटा. आपल्याकडं वळीव आधी येतो, एप्रिल-मेमध्ये, आणि आगोट त्याच्यानंतर. पॅलेस्टाईनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, त्यानं कडक रान भिजतं आणि नांगरट-पेरणी होते. शेवटला मार्च-एप्रिलात, त्यानं कणसात दाणा भरतो. मधे सगळा हिवाळा. पहिल्या पावसावर पेरलेल्या माणसाला शेवटल्या पावसाची खात्री नसते, तरी त्यानं घरातलं धान्य मातीत घातलेलं असतं. याकोबाला हा धीर सांगायचाय. घरात बसून आभाळाकडं बघणाऱ्याचा धीर तो सांगत नाही.

आता शब्दाकडं येऊ. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं शब्दाशी थांबायची सवय आहे. आपण आशा ‘धरतो’, धीर ‘धरतो’, दम ‘धरतो’. तिन्हीकडं क्रियापद एकच, हाताचं. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात परमेश्वराची आशा धरून राहणारे नवीन शक्ती संपादन करतील असं वचन आहे, ते आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. तिथं हिब्रूत ‘कावा’ हे क्रियापद आहे. वाट पाहणं आणि आशा धरणं, दोन्हीला तोच शब्द. त्याच्यापासून ‘तिकवा’ झाला, म्हणजे आशा. आणि यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते ना, त्या दोरीलाही हिब्रूत तिकवाच म्हटलंय. आशा आणि दोरी, एकच शब्द. विहिरीत उतरलेल्या माणसाला दोर धरायचा म्हणजे काय ते विचारा. हाताला घट्टे पडतात, खांदे भरून येतात. वरनं बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता लोंबकळतोय.

दोर सुटतो कसा, तेही शास्त्रात लिहून ठेवलंय. इस्राएलाचा शौल राजा गिलगालात होता. समोर शत्रू पलिष्टी जमलेले, स्वतःची माणसं घाबरून गुहांत आणि खडकांत लपायला लागलेली. होम करायला शमुवेल संदेष्टा सात दिवसांत येतो म्हणाला होता. शौलानं सात दिवस वाट पाहिली. हे आपण विसरतो, त्यानं वाट पाहिली होती! पण सातवा दिवस आला, शमुवेल दिसेना, माणसं पांगायला लागली. शेवटी शौलानं स्वतःच होम केला. होम उरकला आणि शमुवेल समोर हजर. मला त्या माणसाची फार दया येते. तो नास्तिक नव्हता, त्यानं यज्ञच केला. भीतीच्या पोटी केलेलं धर्मकृत्य होतं ते. आपणही असं करतो. देव उशीर करतोय असं वाटलं की त्याच्या नावानं आपणच काहीतरी उरकून टाकतो. मुलगी ‘नको’ म्हणत असताना स्थळाला होकार देतो आणि वर म्हणतो, प्रार्थना करूनच ठरवलं.

अब्राहामाचंही तसंच. संततीचं वचन घेऊन निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा शंभराचा. मधे शहाऐंशीव्या वर्षी दासीच्या पोटी इश्माएल, कारण बायको सारा आणि तो दोघंही वाट पाहून थकले होते. त्या घाईची किंमत त्या दोघांनी कमी मोजली, हागार नावाच्या मिसरी दासीनं जास्त मोजली. लेकराला घेऊन, पाण्याची पखाल खांद्यावर टाकून तिला रानात जावं लागलं. आपली अधीरता बहुतेक वेळा आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाच्या अंगावर जाऊन पडते. घरात, शाळेत, मंडळीत, सगळीकडं मी हे बघितलंय.

माझे वडील गुऱ्हाळावर कामाला होते. तेव्हा गावोगावी गुऱ्हाळघरं होती, आता कमी झाली. वडील गुळव्या नव्हते, चुलवाणाला जाळ घालायचे. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर काहील असते, रसानं भरलेली. चुलवाणाचं तोंड मागच्या बाजूला, खाली खड्ड्यात. त्या खड्ड्यात एक माणूस बसतो आणि वाळलेली चिपाडं मुठीमुठीनं आत सारतो. तास-दोन तास, तीन तास. त्याला काहील दिसत नाही. रस उकळला का, मळी वर आली का, भेंडीचं पाणी टाकलं का, काही दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त जाळ. वर गुळव्या उभा असतो. तो पाकाचे बुडबुडे बघतो, रंग बघतो, थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी बघतो. आणि खाली हाक मारतो. ‘वाढीव.’ ‘दमानं.’ ‘बास.’

लहानपणी मी वडिलांची भाकरी घेऊन जायची आणि खड्ड्याच्या कडेला बसून राहायची. त्यांच्या हातावरचे केस कायम जळलेले असायचे. जाळ जास्त झाला तर पाक करपतो, गूळ काळा पडतो. काहील लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, पाघळतो. एकदा मी विचारलं, ‘आबा, तुम्हाला दिसत तर काहीच नाही, मग कंटाळा येत नाही का?’ ते म्हणाले, ‘कंटाळा कुठला गं, एक मूठ झाली की दुसरी घालायची असती. आणि कान वर ठेवायला लागतो.’ पुढं धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी मला परमेश्वराची वाट पाहणं म्हणजे काय असं विचारलं की माझ्या डोळ्यासमोर तो खड्डा येतो. आजच्या वाटणीची चिपाडं हाताशी आहेत, ती घालायची आहेत, आणि कान वर.

इथपर्यंत बोलणं सोपं होतं. आता जे सांगायचंय ते मला अवघड जातं, पण त्याच्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

आमचे हे मंडळीत पेटी वाजवायचे, गायचे. आवाज मोठा नव्हता, पण सूर पक्का. एका सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडून शब्द मात्र एकच निघायचा, ‘हां.’ मी देवाकडं एकच मागत होते. चालणं राहू दे, हात राहू दे, वाचा दे. भेटायला माणसं यायची. त्यांतले एक जण खाटेशेजारी उभे राहून मला म्हणाले, ‘देवाची वेळ आली की वाचा येईल, विश्वास कमी पडू देऊ नका.’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या रात्री मी झोपले नाही. वाचा आली नाही तर दोष माझ्या विश्वासाचा, असा त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला. आज इतक्या वर्षांनी सगळ्यांसमोर विनंती करते. ‘देवाची वेळ असते’ हे वाक्य ज्याचं त्यानं स्वतःशी म्हणावं. दुसऱ्याच्या खाटेशेजारी ते म्हणू नये. तिथं पेज घेऊन जावं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खाला रोज चारला पेजेची वाटी ठेवून जायच्या. चौदा महिन्यांत त्यांनी मला एकदाही उपदेश केला नाही.

मला त्या काळात आधार दिला तो तेराव्या स्तोत्रानं. दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? हे परमेश्वरा, कोठवर? हे शास्त्रात आहे, प्रार्थना म्हणून आहे, याचा मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही. आणि मार्था. तिचा भाऊ लाजर आजारी आहे हा निरोप पोचल्यावरही प्रभू येशू आणखी दोन दिवस होता तिथंच राहिला. बेथानीत आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच त्याला गाठून म्हणाली, ‘प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता.’ सरळ तोंडावर बोलली. प्रभू तिला रागावला नाही. पुढं तो स्वतः रडला. त्या वचनानंतर मी प्रार्थनेत भांडायला लागले. भांडण चालू होतं म्हणजे बोलणं चालू होतं.

एके संध्याकाळी ह्यांनी डाव्या हातानं पेटीकडं खूण केली. मी पेटी खाटेजवळ आणली. उजवा हात निकामी, पट्ट्या वाजणार कशा? त्यांनी डावा हात भात्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला पेटी येत नव्हती. ते भाता ओढायचे, मी एका बोटानं पट्ट्या दाबायची. चुकले की भाता थांबायचा, आवाज बंद. मग मी मागं जाऊन पुन्हा सुरू करायची. बरोबर आलं की भाता चालू. एक गाणं बसायला आठ महिने लागले. ह्या माणसाला बोलता येत नव्हतं आणि तो मला रोज संध्याकाळी शिकवत होता.

वाचा आली नाही. चौदा महिन्यांनी ते गेले.

माझी प्रार्थना ऐकली गेली का, असं मला कुणी विचारलं तर मी अजून देवाकडं विचारणा करते, एवढंच उत्तर आहे. इब्री लोकांस पत्रातला अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांचा अध्याय म्हणून वाचतो, पण त्यात स्वच्छ लिहिलंय की हे सगळे वचनफळ न मिळताच गेले. त्यांनी ते दुरून पाहिलं. कोल्हापूरच्या माणसाला हे कळायला अवघड नाही. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं. पैसा अपुरा पडला, काम रेंगाळलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा धरण अर्धंच होतं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. आज पावसाळ्यात पाणी ठरल्या पातळीला आलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. मग भोगावतीला पाणी येतं आणि पंचगंगेच्या काठचे सगळे आपण घाटावर बघायला जातो. महाराजांनी ते पाणी कधी बघितलं नाही. आमच्या थोरल्या बहिणीचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे, आणि तिचीही तोड अजून आलेली नाही. काल फोन केला तर बांधावर होती, म्हणाली, बसून काय करू, तोडीनंतर फुटणाऱ्या खोडव्याच्या पाण्याचं बघत्ये.

यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायात लिहिलंय की त्या दिवशी मुक्याची जीभ गाईल. मी त्या ओळीची वाट पाहते आहे. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे म्हणजे अमुक एक आवाज मला पुन्हा ऐकायचाय. तोवर संध्याकाळी पेटी काढते. आता भाताही मलाच ओढावा लागतो, पट्ट्याही मलाच दाबाव्या लागतात. दुसरं गाणं घेतलंय, या नाताळाला मंडळीत वाजवायचं म्हणून. अंतऱ्यात अजून चुकतंय.