टॅग क्रमांक ०३२३३

(पहाट. गुहागरची पुळण. ओहोटी लागली आहे. लांबवर एकाच बॅटरीचा उजेड हलतोय.)

निवेदन:

गुहागर, जिल्हा रत्नागिरी. सुरूच्या बनामागे अजून फटफटायचंय आणि पुळणीवर एक माणूस चालतोय. हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येऊ लागली की हंगाम संपेपर्यंत त्याचा हाच नेम. पाठीला पिशवी, हातात बॅटरी, नजर वाळूवर. कोकणात याला कासवमित्र म्हणतात.

तो थांबतो. पाण्यातून वर आलेला एक माग दिसतोय, आणि थोड्या अंतरावरून समुद्राकडे परतलेला दुसरा.

(माग जवळून.)

नीट बघा. मधे पोट घासत गेल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या खुणा, एक पुढे तर दुसरी जरा मागे. ऑलिव्ह रिडले, म्हणजे कोकणात अंडी घालायला येणारी समुद्री कासवाची जात, आपले वल्ह्यासारखे पर आलटून पालटून टाकत चालते, म्हणून तिच्या खुणा समोरासमोर येत नाहीत. हिरव्या समुद्री कासवाच्या खुणा जोडीने उमटतात. एवढ्यावरून रात्री कोण येऊन गेलं ते कळतं.

मागाच्या टोकाला वाळू विस्कटलेली आहे. अंडी घालून खड्डा बुजवला की ही मादी डावीकडे-उजवीकडे अंग टाकत आपल्या पोटाने वाळू चोपते. चाळीस-पन्नास किलोपर्यंत भरणारं शरीर. रात्र शांत असेल तर तो धप्, धप् आवाज ऐकू येतो.

कासवमित्र बारीक काठी हलकेच खुपसत जातो. जिथे ती अलगद आत जाते, तिथे काठी बाजूला ठेवायची आणि पुढचं सगळं हाताने. साधारण दीड फुटावर, तळाशी सुरईसारख्या फुगलेल्या खड्ड्यात अंडी सापडतात. पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, कवच मऊ. शंभर, सव्वाशे, कधी त्याहून जास्त.

आता घाई करायला हवी. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून प्रत्येक अंडं ज्या अंगावर असेल त्याच अंगावर उचलायचं. मग भरतीच्या रेषेच्या वर, जाळीने बंदिस्त केलेल्या हॅचरीत, तेवढ्याच खोलीचा आणि तसाच खड्डा खणून त्यात ठेवायचं. कुत्रे, कोल्हे, रानडुकरं यांच्यापासून ती एवढ्यानेच वाचतात.

या कामात मोठं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. तरीही कासवांच्या अभ्यासातली गेल्या काही वर्षांतली एक फार मोठी बातमी याच पुळणीवर उमगली.

(काळा पडदा. त्यावर अक्षरं: २७ जानेवारी २०२५)

त्या दिवशी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पराला धातूची छोटी पट्टी, म्हणजे ओळखीचा टॅग, आढळली. पट्टीवर क्रमांक होता ०३२३३.

क्रमांकाचा माग काढल्यावर कळलं की ही पट्टी कोकणात लावलेलीच नव्हती. १८ मार्च २०२१ रोजी ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी ती बसवली होती.

(भारताचा नकाशा. पूर्व किनाऱ्यावर एक ठिपका, पश्चिम किनाऱ्यावर दुसरा.)

बंगालच्या उपसागरातली मादी अरबी समुद्राच्या काठी अंडी घालत होती. मधलं अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. श्रीलंकेला वळसा घालून आली की रामेश्वरजवळच्या पांबनच्या चिंचोळ्या वाटेने, ते पट्टी सांगू शकत नाही. पट्टीला फक्त दोन जागा ठाऊक असतात: जिथे ती लावली आणि जिथे कुणीतरी ती वाचली.

गहिरमाथा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. तिथे मोजक्या रात्रींत लाखो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. त्याच राज्यातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळपास सात लाख माद्यांनी अंडी घातली. वाळूवर पाय ठेवायला जागा नाही, आधीच्या मादीची अंडी नंतरची मादी उकरून काढते आहे, असं दृश्य. आपल्याकडे मात्र ती एकटी येते, एकटी जाते. एकेका घरट्याची वहीत तारीख घालून नोंद ठेवता येते.

म्हणूनच ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत असं मानलं जायचं. पूर्वेची कासवं पूर्वेची, पश्चिमेची पश्चिमेची. ०३२३३ने दोन्हीकडे अंडी घातली आणि या समजाला पहिला जोरदार धक्का दिला. खरं तर त्याची कुणकुण दोन वर्षं आधीच लागली होती.

(मादीच्या पाठीवर बसवलेला ट्रान्समीटर, वर इवलासा अँटेना.)

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला गेला. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा प्रकल्प. त्यामागे शास्त्रज्ञ डॉ. आर. सुरेशकुमार. त्याच हंगामात सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी यांनाही ट्रान्समीटर बसले. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर आला, तरच संदेश उपग्रहापर्यंत पोहोचतो. त्यामुळे संशोधकांच्या हाती सलग रेघ येत नाही, ठिपके येतात. ते जोडत बसायचं.

प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्रात जाऊन आली. लक्ष्मीचे ठिपके थोड्याच दिवसांत थांबले. यंत्र सुटलं, बिघडलं की लक्ष्मीच गेली, हे ठिपक्यांवरून ठरत नाही.

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, गुहागरला दोघींना ट्रान्समीटर बसले, बागेश्री आणि गुहा. बागेश्री दक्षिणेकडे निघाली. कर्नाटक मागे पडलं, केरळ मागे पडलं. मग ती श्रीलंकेच्या पलीकडे, बंगालच्या उपसागरात शिरली. गुहागरच्या वाळूत अंडी घातलेली मादी पूर्वेच्या समुद्रात! ०३२३३ने हाच प्रवास उलट्या दिशेने करून दाखवला. बागेश्रीची वाट उपग्रहाने सांगितली. ०३२३३ची गोष्ट मात्र वाळूत गुडघे टेकून कुणीतरी पाच आकडे वाचले म्हणून कळली. मला या दोन्हींत दुसरी जास्त मोलाची वाटते.

(हॅचरी. प्रत्येक घरट्याशेजारी तारखेची पाटी.)

०३२३३ने गुहागरला १२० अंडी घातली. ती हॅचरीत ठेवली गेली आणि त्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली.

पिल्लू बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. नर की मादी, हे आईबाप नाही, वाळू ठरवते. घरट्याचं तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर दोन्ही निपजतात. वाळू त्याहून गार राहिली तर नर वाढतात, तापली तर माद्या. थंडीतलं घरटं आणि मार्चअखेरचं घरटं म्हणूनच सारखं नसतं. किनारा दरवर्षी थोडा थोडा तापत गेला तर नर कुठून येणार, हा प्रश्न हॅचरीतल्या थर्मामीटरकडे बघताना टाळता येत नाही. काही ठिकाणी वर सावली धरतात. सगळ्या किनाऱ्यावर कोण धरणार?

(वेळास. नारळी-पोफळीतून समुद्राकडे जाणारी पाखाडी.)

ही राखण सुरू झाली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, २००२ मध्ये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतलं. त्याआधी अंडी उकरायची, खायची किंवा विकायची, हीच रीत होती. पुढे कासव महोत्सव आला, शहरातली माणसं पिल्लं बघायला येऊ लागली, आणि घराघरांत त्यांच्यासाठी पानं वाढली जाऊ लागली.

समुद्रात मात्र राखण नाही. कासव हवा घ्यायला वर येतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की वर येता येत नाही आणि ते बुडून मरतं. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी कोळ्याने स्वतःचं जाळं कापलं, तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. योजना चांगली आहे. पण भर दर्यात, महागाचं जाळं हातात असताना सुरी चालवणं पैशांच्या हिशोबाने होत नाही. तरीही ते करणारे कोळी आहेत, आणि त्यांची नावं कुठल्या बातमीत येत नाहीत.

(रात्र. गुहागर.)

पुन्हा तीच पुळण. एक मादी खड्डा बुजवतेय. मागचे पर वाळू ओढतात, अंग डोलतं, धप्, धप्. डोळ्यांतून पाणी ओघळतंय. त्या पाण्यावाटे ती अंगातलं जादा मीठ बाहेर टाकते.

कासवमित्र मागून येऊन हळूच वाकतो. बॅटरीवर बोटं धरून उजेड कमी करतो. आधी डावा पर बघतो, मग उजवा.

पट्टी नाही.

तो वहीत तारीख आणि वेळ लिहितो. क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ ओढतो. मादी वळते, थांबते, पुन्हा सरकते. पहिली लाट तिच्या पाठीवरची वाळू धुऊन नेते, दुसरीत ती दिसेनाशी होते.